बाल्त्रुसच्या वाट्याचा मध

आमच्याकडे मधमाशी मेली असं कोणी म्हणत नाही. गाय मरते, घोडा मरतो, कुत्रं मरतं. माणूस वारतो आणि मधमाशी वारते. लहानपणी एकदा माझ्या तोंडून 'माशी मेली' असं गेलं, तेव्हा आईनं अशी थोबाडीत दिली होती की आजवर जीभ घसरलेली नाही.

मधमाश्या आम्ही विकतही नाही. तुमच्या पेटीतून उठलेला थवा शेजाऱ्याच्या झाडावर जाऊन बसला, तर तो परत मागायचा नाही आणि शेजाऱ्यानं त्याचे पैसे द्यायचे नाहीत. त्या दिवसापासून दोन्ही घरं मधसोयरी. मध काढायचा तर मधसोयऱ्याला बोलवायचं, पेटी जागची हलवायची तर त्याला विचारायचं, कारण माश्या अर्ध्या त्याच्या असतात. लग्नाची सोयरीक मोडलेली मी पाहिली आहे, ही मोडलेली कधी ऐकली नव्हती.

बाल्त्रुस माझा मधसोयरा. माझा थवा त्याच्या लिंडेनच्या झाडावर जाऊन बसला तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. पुढे एका कडक थंडीत माझ्या सगळ्या माश्या वारल्या, तर वसंतात त्यानं आपण होऊन थवा आणून दिला. माझा नवरा लढाईत गेला तो परत आला नाही. मूलबाळ नाही. भाऊ अमेरिकेला गेला, त्याचं काय झालं देव जाणे. माझं म्हणावं असं माणूस बाल्त्रुसच उरला. लोक काय काय बोलले असतील ते बोलले. बोलणाऱ्यांनी बोलावं. आमच्यात माश्या होत्या, दुसरं काही नव्हतं, आणि तेवढं पुरत होतं.

मग कोल्खोज आला, म्हणजे सगळ्यांची शेतं एकत्र करायचा हुकूम. मी सही केली. एकटी बाई, करणार काय? घोडा दिला, नांगर दिला, जमीन तर कागदावर कधी गेली ते कळलंही नाही. बाल्त्रुसनं सही केली नाही. मार्च महिन्यात एका पहाटे त्याच्या अंगणात ट्रक उभा राहिला आणि तो, त्याची बायको आणि म्हातारी आई सैबेरियाला गेले. दुपारपर्यंत कोल्खोजच्या लोकांनी त्याच्या गायी आणि मळणीयंत्र नेलं. मधपेट्या दुसऱ्या दिवशी न्यायच्या होत्या. थंडी सरली नव्हती, माश्या अजून बाहेर पडल्या नव्हत्या. मी संध्याकाळी ढकलगाडी घेऊन गेले आणि त्याच्या पेट्या माझ्या सफरचंदाच्या झाडांखाली आणून मांडल्या.

दुसऱ्या दिवशी कोल्खोजचे अध्यक्ष आले. म्हणाले, "बाई, ही सरकारी मालमत्ता."

मी म्हटलं, "अर्धी त्याची असेल, साहेब. त्याची अर्धी न्या. फक्त कोणती माशी कोणाची ते मला दाखवून द्या."

सोबतचे लोक हसले. अध्यक्षही आमच्याच भागातले, त्यांच्याही आईनं त्यांना कधीतरी थोबाडीत दिली असणार. ते निघून गेले.

तेव्हापासून दर ऑगस्टला मध काढला की मी पहिली बरणी बाल्त्रुसच्या वाट्याची भरत आले. तळघरात फळीवर ठेवायची. जुना मध गोठून साखरेसारखा पांढरा झाला. बायका म्हणायच्या, "दोमिसेले, धनी नसला की माश्या टिकत नाहीत. बाल्त्रुस गेला असं त्यांना सांगून टाक." आमच्याकडे घरधनी वारला की कोणीतरी घराच्या किल्लीनं प्रत्येक पेटीवर टकटक करतं आणि माश्यांना बातमी सांगतं. नाही सांगितली तर त्या रुसून निघून जातात. मी सांगितली नाही. वसंतात पेट्या उघडताना मी म्हणायची, "येईल गं. वाट लांबची आहे." आणि माश्या टिकल्या.

माणसं मात्र टिकली नाहीत. पूर्वी आमची घरं एकेका शेतात सुटी सुटी होती, संध्याकाळी लांबवर धूर दिसायचे आणि धुरावरून कळायचं कोण घरी आहे. मग पाण्याचा निचरा करायची कामं निघाली. जमिनीखाली मातीचे नळ घालायचे आणि वर सपाट एकच शेत करायचं. मधे येणारी घरं पाडली, विहिरी बुजवल्या, झाडं मुळासकट उपटली. लोक वसाहतीत गेले, पांढऱ्या विटांच्या घरांच्या एका रांगेत. बाल्त्रुसचं घर कधीच गेलं होतं, त्याचं लिंडेनही गेलं. माझ्या चारही बाजूंना जव, आणि मधे मी. ट्रॅक्टरवाले मला वळसा घालून नांगरायचे आणि शिव्या द्यायचे. मी खिडकीतून त्यांना परत द्यायची. कधी कधी आठवड्यात तेवढंच बोलणं व्हायचं.

झिग्मास आमचा मुकादम. त्याच्या बारशाला मी होते, म्हणून मला मावशी म्हणतो आणि म्हणून मला घाबरतो. या जुलैत तो आला, ओसरीवर बसला आणि टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.

"मावशी, कापणी झाली की बुलडोझर येणार."

"येऊ दे. त्याला चहा देईन."

"चेष्टा नको. तुला घर राखून ठेवलंय. नळाला पाणी आहे. मागं बागेला जागा आहे, पेट्या मावतील."

"पेट्या हलवायच्या तर बाल्त्रुसला विचारावं लागेल."

हे मी त्याला दर वर्षी सांगत होते आणि दर वर्षी तो कपाळाला हात लावून निघून जात होता. या वेळी तो गेला नाही. टोपी फिरवायची थांबली.

"मग विचार," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आहे तो. पलीकडच्या जिल्ह्यात, नदीच्या अलीकडच्या कोल्खोजात. परत येऊन दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. इकडं राहायची मुभा नव्हती, म्हणून तिकडं राहिला. बायको तिकडंच सैबेरियात वारली, आईसुद्धा. त्यानं दुसरं लग्न केलंय."

मला आधी वाटलं तो मला घराबाहेर काढायला थापा मारतोय. पण झिग्मासला थापा मारता येत नाहीत, त्याचे कान लाल होतात. कान लाल नव्हते.

"तुला कधी कळलं?"

त्यानं टोपी परत फिरवायला घेतली.

"झिग्मास."

"सगळ्यांनाच माहीत होतं, मावशी. तुला कोण सांगणार? तू त्याच्या वाट्याचा मध काढून ठेवायचीस."

मी त्याला हाकलून दिलं. मग तळघरात गेले आणि त्या फळीसमोर बसून राहिले. राग आला होता, पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला होता. जिवंत आहे. एवढ्या वर्षांत आला नाही, त्याला काहीतरी कारण असेल. मुभा नव्हती, म्हणालाच झिग्मास. पाय अधू झाले असतील. मी इथे नाही असंच त्याला वाटलं असेल, घरं पाडली ते कळलं असेल. मी त्याच्या बाजूनं सगळी कारणं शोधून ठेवली.

ऑगस्टात मध काढला आणि झिग्मासला निरोप धाडला. तो मोटरसायकल घेऊन आला. तिच्या बाजूला जोडलेल्या पाळण्यात मी बसले, डोक्याला चर्चमध्ये जायचा रुमाल, मांडीवर नव्या मधाची बरणी आणि पिशवीत बागेतल्या काकड्या. ताज्या मधाबरोबर काकडी नसेल तर आमच्याकडे मध काढला असं धरत नाहीत. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी झिग्मासच्या मुकादमकीचा उद्धार केला. तो म्हणाला, "मावशी, हा रस्ता आपल्याकडं येत नाही." मी म्हटलं, "तरी तुझंच."

बाल्त्रुस अंगणात होता. म्हातारा झाला होता, पण ताठ. मला बघून त्यानं हातातली बादली खाली ठेवली.

"दोमिसेले," तो म्हणाला. विचारलं नाही, ओळखलंच.

"आलीस का म्हणून विचारशील की उभीच ठेवशील?"

"ये. ये ना."

त्याच्या घरामागे बागेत मधपेट्या होत्या, पिवळ्या रंगाच्या, नव्या. माझा जीव भांड्यात पडला. माणूस माश्या ठेवतो, म्हणजे माणूस तोच आहे. मी लगेच विचारलं, कारण हा आमच्यातला पहिला प्रश्न असतो. "थवा कोणाकडून आला? इथं सोयरा कोण तुझा?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "विकत आणल्या."

झिग्मास मोटरसायकलजवळ उभा होता, त्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं.

बायकोनं टेबलावर पाव आणि चीज मांडलं. चांगली बाई, गप्प. मी काकड्या चिरल्या. बाल्त्रुस काकडीला मीठ लावून खात होता. बरणी मधे तशीच होती.

"तुझ्या पेट्या माझ्याकडं आहेत," मी म्हटलं. "त्याच दिवशी आणल्या. एकही पेटी बुडू दिली नाही. तुझा वाटा दर वर्षी काढलाय. तळघरात फळी वाकलीये त्यानं."

तो चाकूनं पाव कुरतडायला लागला.

"तिकडं अधिकारी विचारायचे," तो म्हणाला. "तुझी माणसं कोण? कोणाकडं जात होतास, कोण तुझ्याकडं येत होतं? मी म्हणायचो कोणी नाही. तुझं नाव घेतलं असतं तर तुलाही गाडीत घातलं असतं. म्हणून म्हणायचो कोणी नाही. परत विचारायचे, परत म्हणायचो. दोमिसेले, इतक्यांदा म्हटलं की ते खरंच झालं."

"आता कोण विचारतंय?"

"कोणी नाही. पण मला आता कोणी नकोय. या माश्या बाजारातून आणल्या, पैसे दिले, विषय संपला. त्यांच्यामागं कुणाचं घर नाही, कुणाचं नाव नाही. मला झोप लागते."

माझ्यासाठीच त्यानं तोंड मिटलं होतं. त्याबद्दल त्याच्या पाया पडावं, आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली एक द्यावी, असं मला वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "मला वसाहतीत जायला सांगतायत. पेट्या हलवायच्या आहेत. तुला विचारायला आले."

"हलव की. मला काय विचारायचं? तुझ्याच आहेत."

"अर्ध्या."

"सगळ्या तुझ्या."

मी उठले. रुमाल नीट बांधला. दाराशी आले तेव्हा तो मागून आला, त्यानं बरणी उजेडात धरून मध बघितला, मधाची त्याला पारख होतीच. मग दुसरा हात कोटाच्या आतल्या खिशात घातला.

"याचे किती द्यायचे?"

त्यानं वाईट मनानं विचारलं नाही हे मला ठाऊक आहे. त्याचा चेहरा चांगला होता, बाजारात ओळखीच्या बाईशी बोलावं तसा. मी म्हटलं, "राहू दे," आणि पाळण्यात जाऊन बसले. येताना मी खड्ड्यांवर काही बोलले नाही. झिग्मासनं दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि माश्या परतत होत्या. मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि सफरचंदांखाली गेले. पहिल्या पेटीवर टकटक केलं.

"बाल्त्रुस वारला," मी माश्यांना सांगितलं. "तुमचा धनी वारला. आता मीच आहे. माझ्याजवळ राहा."

मग दुसऱ्या पेटीला सांगितलं. मग तिसऱ्या. झिग्मास कुंपणाशी उभा होता.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "तो जिवंत आहे."

"तुला कोणी विचारलं?"

मी पुढच्या पेटीकडे वळले तेव्हा त्यानं टोपी काढून हातात धरली होती. लहानपणापासून त्याला हे कळतं, कुणाच्या मयताला टोपी डोक्यावर ठेवत नाहीत. सगळ्या पेट्यांना सांगून झाल्यावर मी शेवटच्या पेटीला कान लावला. आत गुणगुण चालू होती, रोजच्यासारखी. त्यांनी ऐकलं होतं आणि त्या राहणार होत्या.

"उद्या तिन्हीसांजेला गाडी घेऊन ये," मी झिग्मासला म्हटलं. "माश्या आत आल्या की पेट्या उचलायच्या. आता कोणाला विचारायचं राहिलं नाही."

"मी थांबू का थोडा वेळ?"

"तुझी बायको वाट बघत असेल. जा."

मोटरसायकलचा आवाज जवाच्या पलीकडे जाईपर्यंत मी ऐकत होते. मग तळघरात जाऊन फळीवरची सगळ्यात जुनी बरणी आणली, ज्या वर्षी त्याला नेलं त्या वर्षीची. मध इतका गोठला होता की चमचा वाकला, सुरीनं खरवडावा लागला. पिशवीत एक काकडी उरली होती. ती सोलून मधे उभी चिरली, त्यावर मध घातला आणि ओसरीवर बसून खाल्ली. आमच्याकडे पुरून आलं की सगळा गाव जेवायला बसतो, जागा पुरत नाही म्हणून शेजारचे बाक आणावे लागतात. बाल्त्रुसच्या जेवणाला मी एकटीच होते.