फोटोचा डबा कुठून गळत होता?

मी एक जुना डबा. पोळीभाजीचा नव्हे हं, मित्रांनो! माणसं राहतात तो डबा. मला दोन चाकं होती, दार आहे, खिडकी आहे, निजायला फळी आहे. नाही ते फक्त इंजिन. पुढे जीप जोडली तरच मी हलायचो, आणि जीप सोडली की जिथे सोडलं तिथेच उभा राहायचो. कागदोपत्री माझं नाव कॅराव्हॅन. पण सुरगाण्याच्या बाजारात हा शब्द कोणाच्या तोंडी बसला नाही. तिथे मला सगळे 'फोटोचा डबा' म्हणत. मला त्याचा राग कधी आला नाही, उलट तेच नाव आपलंसं वाटे.

माझा जन्म १९९१ सालचा, नाशिकच्या सातपूर भागातल्या एका शेडमधला. कालव्याची मोजणी करणाऱ्या साहेबांना रानात राहता यावं म्हणून मला बांधलं. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड आणि दोन्हींच्या मध्ये लाकडी पट्ट्या आणि थर्माकोल. ही मधली चार बोटांची जागा तेवढी ध्यानात ठेवा, कारण माझे सगळे हाल तिथेच झाले. मला बांधणाऱ्यांनी पत्र्याच्या खालच्या कडेला बारीक फटी मुद्दाम ठेवल्या होत्या. चुकून पाणी आत शिरलंच, तर ते त्या वाटेने निघून जावं अशी ती सोय होती.

कालव्याची मोजणी संपली आणि मला कचेरीच्या आवारात एका कोपऱ्यात लोटून दिलं. दोन पावसाळे माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग लिलाव झाला आणि बहिरू फोटोग्राफर जीप घेऊन मला न्यायला आला. सोबत त्याची नवी नवरी, सुवर्णा. बहिरूने माझ्या मागच्या भागात काळे पडदे लावले, लाल दिवा बसवला आणि डार्करूम केली. पुढच्या भागात सुवर्णाने स्टोव्ह मांडला. त्या दिवसापासून मी घर झालो आणि दुकानही.

काय दिवस होते ते! पेठचा बाजार, सुरगाण्याचा बाजार, मध्येच कुठल्या पाड्यावरचं लग्न. जिथे विजेचा खांबही पोचला नव्हता, तिथे बहिरूचा छोटा जनरेटर धडधडत असे आणि सकाळी काढलेला फोटो संध्याकाळी लोकांच्या हातात पडे. आपलाच चेहरा कागदावर पाहून म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मला आपलं उगाच वाटे, हे सगळे माझ्याच पोटातून जन्माला आले. थोडा शिष्टपणा होता माझ्यात, नाही म्हणत नाही.

सुवर्णाचा माझ्यावर फार जीव. दसऱ्याला बहिरू जीप धुवून पुसून तिची पूजा करायचा, तर सुवर्णा माझी करायची. माझ्या दारावर ती झेंडूचं तोरण बांधे. त्यासाठी दाराच्या वर पत्र्यात खिळा ठोके आणि खिळ्याभोवती तेलात कालवलेलं हळदकुंकू लावी. दिवाळी झाली की सुकलेलं तोरण उतरवी, खिळाही उपटून टाकी. पुढच्या दसऱ्याला नवं तोरण, तर खिळाही नवाच हवा. गेल्या वर्षीच्या गंजक्या खिळ्यावर यंदाची फुलं टांगायची नाहीत, ही तिच्या माहेरची रीत. नव्या खिळ्याला जागाही नवी, कारण जुन्या भोकात खिळा हलतो. दर वर्षी माझ्या कपाळावर एक भोक वाढत होतं आणि त्याच्यावर कुंकवाचं एक बोट.

आता तुम्ही म्हणाल, पहिल्याच पावसात हे कसं कळलं नाही? अहो, दसरा येतो पाऊस सरल्यावर! खिळा पडायचा आश्विनात आणि पाणी शिरायचं पुढच्या आषाढात. मधल्या आठ महिन्यांत तो खिळा कोणाच्या डोक्यात राहील? त्यात मी उभा असायचो मागे किंचित कललेला. दारावरून आत शिरलेलं पाणी लाकडी पट्टीवरून सरकत सरकत मागे जाई आणि डार्करूमच्या टेबलावर ठिबके. दारापाशी मात्र कधी टिपूसही पडला नाही.

त्यामुळे बहिरू काय करणार? तो टेबलावरच्या छतालाच डांबर फासायचा. मग खिडकीला फासायचा. दर पावसाळ्यात माझ्या पाठीवर एक काळा थर चढे आणि तरी थेंब पडतच. "या डब्याने माझा पिच्छा पुरवलाय," म्हणून तो माझ्यावर चिडे. मला सगळं कळत होतं. पाणी कुठून येतं, कुठून जातं, कुठे थांबतं. पण मला तोंड कुठे आहे? दार आहे, ते कोणी उघडलं तरच उघडतं.

२००२ सालचा जून उजाडला. तोवर लोक रंगीत फोटोसाठी तालुक्याच्या स्टुडिओत जाऊ लागले होते, बहिरूचा धंदा बसत चालला होता. एके दिवशी सुरगाण्याच्या बाजारात फुलाबाई आली. जवळच्या पाड्यावर राहणारी, दिवाळीनंतर द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला जाणारी बाई. चार वर्षांपूर्वी तिने आपल्या मुलीबरोबर, विमलबरोबर, माझ्यासमोरच्या पडद्यापुढे उभं राहून फोटो काढला होता. ती दारातच उभी राहिली.

"भाऊ, माजी विमल गेली. मळ्यावं व्हतो, कावीळ झाली," ती म्हणाली. "फोटो व्हता तो पालात भिजला. कायच नाय ऱ्हायलं. तुमच्यापाशी काळी पट्टी असती ना?"

बहिरूने निगेटिव्हची पेटी काढली. त्यात सगळ्या बाजारांचे, सगळ्या पाड्यांचे चेहरे होते. बोटांनी चाळत चाळत त्याने नेमकी ती पट्टी काढली आणि उजेडात धरली. "आहे, बाई. जशीच्या तशी आहे."

फुलाबाई ती पट्टी बघत राहिली. काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची मुलगी तिला ओळखू येईना. तरी तिने हात जोडले.

"कागद संपलाय माझ्याकडचा," बहिरू म्हणाला. "नाशिकहून आणतो आणि मोठा फोटो करून देतो, भिंतीवर लावायला. आवणी उरकली की या."

"येते. पन सांभाळा भाऊ. माज्यापाशी दुसरं कायबी नाय."

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, उरकायच्या आधीच पाऊस कोसळू लागला. सुरगाण्याचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल; तो एकदा बसला की समोरचं झाड दिसत नाही. नाशिकला जायचा रस्ता बंद झाला आणि आम्ही बाजाराच्या मैदानाच्या कडेला अडकून पडलो. टेबलावर धार लागली. बहिरू अंगावर पोतं घेऊन बाहेर आला, माझ्याभोवती फिरला आणि वाकून पाहिलं, तर माझ्या तळाच्या फटींतून पाणी पाझरत होतं.

"सापडलं! हे बघ सुवर्णा, इथून पाणी वर चढतंय!" तो आनंदाने ओरडला.

चढत नव्हतं हो, उतरत होतं! पण त्याने उरलेलं सगळं डांबर त्या फटींत भरलं. पाण्याची बाहेर जायची वाट बुजली, आत यायची मात्र उघडीच राहिली. आणि मग त्याने आणखी एक गोष्ट केली. टेबलाजवळची निगेटिव्हची पेटी उचलली आणि भिंतीला लागून असलेल्या खालच्या कपाटात ठेवली. का, तर तिथे आजवर एकही थेंब पडला नव्हता.

मित्रांनो, त्या वेळी माझी जी तगमग झाली ती कशी सांगू? माझ्या भिंतीत पाणी साठत होतं. घोट्याइतकं, मग पोटरीइतकं. त्याला कुठे जाता येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. थर्माकोल फुगला, लाकूड कुजू लागलं, आणि प्लायवूडच्या एका पातळ पदरापलीकडे विमल होती. मी ओरडलो असतो तर सगळा बाजार गोळा झाला असता. पण मी नुसता उभा. बाहेर सगळं पाणीच पाणी, आत दोन माणसं कोंडलेली आणि त्यांच्या हातभर अंतरावर ते कोंडलेलं पाणी. आणि बहिरू खुशीत होता, कारण पाऊस जरा ओसरून टेबलावरची धार कमी झाली होती आणि त्याला वाटलं, डांबर लागू पडलं.

"कुजकट वास येतोय," एकदा सुवर्णा म्हणाली.

"पावसाळ्यात यायचाच. कपडे वाळतात कुठं?"

"कपड्यांचा नाही हो हा."

बहिरूने कानाडोळा केला. सुवर्णा मात्र स्वस्थ बसली नाही. दुपारी तो चहाला टपरीवर गेला, तेव्हा ती माझ्या भिंतीवरून हात फिरवू लागली. वरून खाली, पुढून मागे, सावकाश. असा हात माझ्यावरून कोणी कधी फिरवला नव्हता. खालच्या कपाटापाशी तिने दाबून पाहिलं आणि तिचं बोट चहात बुडवलेल्या पावात जावं तसं आत गेलं. दुसऱ्याच क्षणी काळं, घाण पाणी भसकन तिच्या पायांवर आलं. तिने ओरडून बहिरूला हाक मारली आणि आधी पेटी ओढून बाहेर काढली. पेटीचा तळ ओला होता. पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

बहिरू आला आणि चिकटलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा हातात घेऊन बसला. "फुलाबाईला काय सांगू?" एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

"आधी पाणी बघा," सुवर्णा म्हणाली. "वाळू देऊ नका, तुम्हीच सांगता ना, वाळल्या की निघत नाहीत म्हणून?" तेव्हा कुठे तो भानावर आला. त्याने ट्रेमध्ये स्वच्छ पाणी घेतलं आणि सगळ्या पट्ट्या त्यात सोडल्या. मग रात्रंदिवस एकेक पट्टी सोडवत बसला.

इकडे सुवर्णाने कुजलेला प्लाय ओरबाडायला घेतला. पाण्याचा काळा डाग लाकडावरून पुढे पुढे, दाराकडे चालला होता.

"दारातून? शक्यच नाही," बहिरू म्हणाला. "तिथं कधी थेंब पडलाय का?"

पावसाने उघडीप दिली तशी तिने दाराच्या वरचा प्लाय आणि भिजका थर्माकोल काढला, खिडकीला काळे पडदे लावले आणि दार ओढून घेतलं. "तुम्ही कॅमेऱ्याचं भोक अंधारातच शोधता ना? मग बसा." दोघं काळोखात बसून राहिली. डोळे सरावले तसे दाराच्या वर उजेडाचे बारीक ठिपके दिसू लागले. एक, मग दुसरा, मग ओळच्या ओळ.

सुवर्णा बाहेर गेली आणि बाहेरून एकेक जागा बोटाने दाबू लागली. आतून बहिरू सांगत होता, "गेला! हाही गेला! दिसला पुन्हा!" मग एकही ठिपका झाकला जाईना. तो बाहेर आला तर सुवर्णा आपल्या बोटाकडे बघत उभी होती. बोटाला कुंकू लागलं होतं.

"मी पूजा करत होते हो," ती म्हणाली आणि रडू लागली.

बहिरू म्हणाला, "तू भोकं पाडलीस, मी वाट बुजवली. डब्याने कोणाकडे बघायचं?"

रस्ता खुला होताच ते मला नाशिकला नजीरभाईंच्या गॅरेजमध्ये घेऊन आले. नजीरभाईंनी दारावर नवी पट्टी रिव्हेट मारून बसवली, खाली रबर घातलं आणि तळाच्या फटींतलं डांबर खरवडून काढलं. "भाभी, तोरण हवंच ना? मग हे घ्या," म्हणत त्यांनी दाराच्या चौकटीला दोन कड्या लावून दिल्या. मला इतकं मोकळं वाटलं! अंगातलं सगळं पाणी निथळून गेलं. जीव मात्र त्या एका पट्टीत अडकला होता.

विमलची पट्टी सगळ्यात शेवटी सुटली होती, आणि धड सुटली नव्हती. बहिरूने कागद आणला, फोटो केला आणि बराच वेळ लाल दिव्याखाली पाहत राहिला. मग आम्ही सुरगाण्याला परत आलो.

आवणी उरकून फुलाबाई आली, पायांवर चिखल तसाच. बहिरूने फोटो तिच्या हातात दिला पण मान वर केली नाही. "बाई, माफ करा. पाणी शिरलं. अर्धा फोटो गेला. तुम्ही गेलात त्यातून."

फोटोत विमल होती, वेणीत फूल, डोळे मोठे केलेले. तिच्या शेजारी फुलाबाई जिथे उभी होती तिथे नुसता काळा डाग होता. त्या काळ्यातून फक्त एक हात बाहेर आला होता, मुलीच्या खांद्यावर ठेवलेला.

फुलाबाईने त्या हातावरून बोट फिरवलं. "माजा हात हाय ना तिच्या खांद्यावं," ती म्हणाली. "मंग बास झालं. मी तं हायेच. ती नाय."

मित्रांनो, मी म्हातारा झालो. बहिरूने धंदा बंद केला, माझी चाकं निघाली आणि मी आता त्याच्या घरामागे विटांवर उभा आहे. कुठे जाणं नाही, येणं नाही. तुम्हाला एकच विनवणी करतो. तुमच्याही घरात माझ्यासारखं मुकं काहीतरी असेल. ते गळू लागलं, तर जिथे थेंब पडतो तिथेच डांबर फासून मोकळे होऊ नका. आणि जिथे हळदकुंकू लावता, तिथेही बघायला लाजू नका. आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला मात्र हात फिरवून बघता येतं. सुवर्णाने त्या दुपारी माझ्यावरून हात फिरवला, म्हणून आज एका पाड्यावर, कुडाच्या भिंतीवर, विमल आहे.