हिरव्या जीपला उरलेली तीन वर्षं

जहाजावर इंजिनिअर असलेल्या माणसाच्या घरात सगळं ‘हे आल्यावर’ होतं. पडदे बदलायचे? हे आल्यावर. दाढ ठणकतेय? कळ काढ, हे आल्यावर बघू. मलेशियाशेजारच्या या चिमुकल्या देशात, मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये, सुचित्राने या दोन शब्दांवर अख्खा संसार रेटला होता. आणि हेमचंद्र आला, की अर्धी रजा झोपण्यात नि उरलेली नळ दुरुस्त करण्यात जायची. दोन वर्षांपूर्वी त्याने हौसेने तंबू आणला, लेकीला पलीकडे मलेशियात मर्सिंगच्या किनाऱ्यावर न्यायचं कबूल केलं, आणि कंपनीचं बोलावणं आलं तसा आठवड्यात पुन्हा बोटीवर गेला. तंबूची पिशवीही उघडली गेली नाही. या डिसेंबरच्या सुट्टीत सुचित्राने विषय काढला, तर तेरा वर्षांची ईशा मान वर न करता इथल्या शाळकरी इंग्रजीत म्हणाली, "नेव्हर माइंड लाह, आई. बाबा नॉट कमिंग व्हॉट."

पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं असतं तर परवडलं असतं. ती सवयीने बोलली, आणि तेच सुचित्राच्या जिव्हारी लागलं. तिने जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. लायसन्स होतं, मैत्रिणीची मोटार चालवून हात बसला होता. नव्हता तो फक्त हेमचंद्रचा होकार.

होकाराऐवजी त्याने माणूस पाठवला. "विश्वासला घेऊन जा, पण मी येईपर्यंत पक्कं काही करू नकोस," असं फोनवर सांगून मोकळा. उंटावरून शेळ्या हाकायची सवय, दुसरं काय! विश्वास त्याच कंपनीतला जुना चीफ इंजिनिअर, आता किनाऱ्यावरच्या ऑफिसात. सुचित्रा नि ईशाबरोबर जुन्या गाड्यांच्या आवारात शिरल्याबरोबर त्याने एका बसक्या पांढऱ्या मोटारीचं बॉनेट उघडलं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवून, मूठ कानाला लावून आवाज ऐकत उभा राहिला. सगळी उमर इंजिन रूममध्ये गेलेली. गाडीत माणसंही बसतात, हे त्याच्या ध्यानात जरा उशिराच यायचं.

"वहिनी, घ्या डोळे मिटून. शाळा, बाजार, देऊळ, सगळं होईल."

"आणि तंबू?"

"तंबूचं हेमू आल्यावर बघू की."

सुचित्राचं डोकं सणकलं. ती तरातरा कोपऱ्यातल्या हिरव्या जीपकडे गेली. उंच, चारही चाकांना जोर असलेली, एका दाराला खरचटलेली. तिने मागची सीट पाडली, चपला काढल्या आणि सगळ्यांदेखत आत आडवी झाली.

"ईशा, ये. पाय पसरून मावतात का बघ."

"आई! एव्हरीबडी लुकिंग लाह!"

"बघू दे."

ईशा लाजून लाल झाली, पण शिरली. पाय मावले. दोघी छताकडे बघत खिदळायला लागल्या, आणि सेल्समन उगाचच काच पुसत बसला.

विश्वासला काही हसू येईना. "वहिनी, हे धूड रोज लावणार कुठे? तुमच्या कार पार्कच्या चढावर पुरुषांच्या नाकी नऊ येतात."

"चला, दाखवते."

चालवून बघायला म्हणून तिने जीप मरीन परेडला आणली आणि बहुमजली कार पार्कच्या गोल चढावरून वर घातली. गिअर एकदा करकरला. विश्वास ‘अहो, अहो’ करू लागला, तिने बघितलंसुद्धा नाही. वर दोन गाड्यांच्या मधे उलटी घालताना जीप तिरकी गेली. तिने बाहेर काढली, पुन्हा घातली, आणि उतरून चाकं रेघेच्या आत आहेत ना ते पाहिलं.

"ठीक आहे," विश्वास म्हणाला. "पण कागदावर तीनच वर्षं उरलीत हिची. इथला कायदा ठाऊक आहे ना? गाडीची दहा वर्षं भरली, की पुन्हा पैसे ओता नाहीतर भंगारात घाला. तीन वर्षांसाठी कशाला जीव गुंतवता?"

"भावजी," सुचित्रा म्हणाली, "तीन वर्षांनी ही पोरगी तरी कुठे येणार आहे माझ्याबरोबर?"

विश्वासने वाकून जीपचे टायर तपासायला घेतले. त्यालाही दोन मुलगे होते, आणि त्यांचं लहानपण त्याने फोटोतच पाहिलं होतं.

डर्बनच्या बंदरातून हेमचंद्रचा फोन आला, तोवर जीपच्या चाकाखाली लिंबू चिरडून झालं होतं.

"मला न विचारता घेतलीस?" तो म्हणाला. मग मऊ झाला. "बरं, घेतलीस तर घेतलीस. मेमध्ये मी येतोच आहे. तोवर उभी ठेव. तिघं मिळून जाऊ."

त्या मऊ आवाजाला ती आजवर दर वेळी भुलली होती.

"आम्ही शुक्रवारी निघतोय," ती म्हणाली.

"एकट्या?"

"दोघी."

"मग मी आल्यावर काय?"

"तुम्ही या ना. पुन्हा जाऊ. तोवर मला रस्ता पाठ झालेला असेल."