निळ्या टोपीचा भरवसा

नूर आलमला पोलीस ठाण्यात घेऊन गेले ते उत्तमरावच. स्वतःच्या स्कूटरवर, मागं बसवून.

कागद तपासायला या, असा निरोप शहराच्या कडेला बालापूरच्या झोपड्यांत आला तेव्हा नूर पळायच्या बेतात होता. म्यानमारमधून जीव घेऊन आलेला माणूस; वर्दी दिसली की त्याचे पाय मागं सरत. उत्तमरावांनी त्याला थांबवलं.

"रिफ्यूजी का कार्ड है ना तेरे पास? मैं खुद उन कार्डवालों की नीली टोपी पहन के आफ्रिका में ड्यूटी किया. डर नक्को."

फौजी माणूस, शांतिसेनेत राहून आलेला. बोलावलं की हजर व्हायचं, लपायचं ते चोरानं, एवढंच त्यांना ठाऊक. नूरनं दारातल्या शिपायाला कार्ड दाखवलं, आत गेला, तो बाहेर आलाच नाही.

उत्तमरावांची बायको पार्वतीबाई असत्या तर त्यांनी जाऊ दिलं नसतं. त्या गेल्या उन्हाळ्यात वारल्या. नूरची बायको रशीदा त्यांच्या तारनाक्याच्या घरी शिवण शिकायला यायची. पहिल्या दिवशी दारातून बुद्धाची मूर्ती दिसली आणि ती उंबऱ्यावरच थिजली. तिचं गाव जाळणाऱ्यांच्या घरांतही हीच मूर्ती होती. पार्वतीबाई समजावत बसल्या नाहीत. हातमशीन उचलून पायरीवर आणलं.

"भगवंतानं काय सांगितलं ते तिला मागून कळंल," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आधी तिला बसू तर द्या."

पुढं दोघी कायम पायरीवरच बसल्या.

निर्वासितांना कार्ड देणाऱ्या जागतिक संस्थेचं काम सिकंदराबादच्या एका कचेरीतून चाले. तिथं ऋचा नावाची मुलगी कामाला होती, लातूरकडची. उत्तमराव तिच्याकडं गेले.

"काका, आम्ही पत्रं दिली. भेटूच देत नाहीत. दिल्लीला कळवलंय, तिथून वर जाईल."

"वर जाऊन काय होईल?"

"ते चिंता व्यक्त करतील."

"चिंता मीबी करतो की, घरी बसून. त्याला हापिस कशाला लागतंय?"

ऋचा हसली नाही. तिनं दार लोटून घेतलं. "काका, नूरला इथून हलवलंय. पूर्वेच्या सीमेकडं, देशाबाहेर काढायला. आता तो परत येईल असं मला वाटत नाही."

"अन् ते कार्ड?"

"आपल्या देशानं निर्वासितांच्या करारावर सही केलेली नाही. कार्ड आम्ही देतो. मानायचं की नाही, ते सरकारच्या हातात."

"मग देता कशाला?"

ऋचानं समोरची फाईल मिटली. उत्तमरावांना छावणीची तार आठवली. आफ्रिकेत त्यांच्या छावणीच्या तारेला धरून माणसं उभी होती आणि पलीकडून बंदूकवाले त्यांना एकेक करून ओढून नेत होते. वायरलेसवर हुकूम आला होता : गोळी चालवायची नाही, नोंद ठेवा. त्यांनी नोंद ठेवली. घरी आल्यावर पार्वतीबाईंना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "मग तुम्ही तिथं होता कशाला?"

उत्तमराव बालापूरला पोचले तेव्हा रशीदा झोपडीवरची ताडपत्री सोडत होती. भांडी गोणीत भरलेली. आजूबाजूच्या दोन-तीन झोपड्या मोकळ्याच दिसत होत्या.

उत्तमरावांनी सांगितलं. घुमवून-फिरवून सांगायला त्यांना येत नव्हतं. रशीदा खाली बसली. रडली नाही. मग तिनं विचारलं, "उन्हों कार्ड दिखाए थे ना, बाबा?"

"दिखाया था. मेरे सामने."

"हौ," ती म्हणाली, आणि उठून परत ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागली.

"कहाँ जा रहे तुम लोग? पता तो दे. कुछ खबर आई तो..."

रशीदाचे हात थांबले. तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. त्यात राग नव्हता. ज्या नजरेनं नूर वर्दीकडं बघायचा, ती ही नजर होती.

"मालूम नहीं, बाबा."

तिला ठाऊक होतं, हे उत्तमरावांना कळलं. सांगितलं नाही तेच बरं केलं, हेही कळलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एक गाठ पक्की बसली होती, ती रशीदा दातानं सोडवायला बघत होती. ते मदतीला पुढं झाले, तर ती गाठ घेऊन दुसऱ्या बाजूला सरकली.