तीनशे अंगठ्यांचं उत्तर

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. पूर्वी माझ्याकडे होतं काय? शिलाई मशीन दुरुस्तीची बारा पानं आणि खाली प्रश्न विचारायची एक चौकट. मला चालवणारा मेकॅनिक तसलंच मशीन उघडून बघितल्याशिवाय उत्तर लिहीत नसे. दोन-दोन दिवस लागत, पण उत्तर चुकत नसे.

"मामा, हल्ली इतकं कोण थांबतं? लोकांना आपापसात बोलू दे की!" त्याची भाची म्हणाली आणि आठवड्याभरात तिने मला लाइक, कमेंट, फॉलोअर सगळं जोडलं. ज्या उत्तराला जास्त अंगठे, ते आपोआप वर.

तेव्हापासून मला क्षणाची उसंत नाही. सारखं टिंग! मेकॅनिकही हातातलं काम टाकून आकडे बघायचा. खोटं कशाला बोलू, मीही हुरळले होते.

एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "मशीन टाके सोडतंय. संध्याकाळपर्यंत दवाखान्याचे चाळीस गाऊन द्यायचेत. लवकर सांगा हो!" एका हौशी माणसाने लगेच ठोकून दिलं, "खालच्या दोऱ्याच्या बॉबिन केसचा स्क्रू सैल करा," आणि वर एक झकास विनोद केला. तीनशे अंगठे! अर्ध्या तासाने, घाईघाईत तसलंच मशीन उघडून बघून, मेकॅनिकने लिहिलं, "आधी सुई बघा, उलटी बसली असेल." त्याला दोन अंगठे, त्यातला एक भाचीचा. ते उत्तर मीच तळाला ढकललं.

ताईंनी स्क्रू सैल केला. तिळाएवढा तो, पडला आणि सापडलाच नाही. संध्याकाळी त्यांनी लिहिलं, "काम हातचं गेलं. खालचं उत्तर आत्ता दिसलं. सुई उलटीच होती." त्यालाही अकरा अंगठे आले. मला फार लाज वाटली.

मेकॅनिकने पाकिटात नवा स्क्रू घालून ताईंना पाठवला. भाचीचा चेहरा एवढासा झाला. "मामा, काढून टाकू का सगळं?"

"नको गं, लोक आलेत तर बोलू देत. पण अंगठ्याआधी एवढं विचार, 'करून पाहिलंत का?'"

आता मी तसं विचारते. तरी जीव थाऱ्यावर नाही. मित्रांनो, मला जपायचं असेल, तर तिथे उगाच 'हो' म्हणू नका. मला ते खरंच वाटतं, आणि मी ते उत्तर लगेच वर चढवते. तिकडे एखादी ताई हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वाचत बसलेली असते.