वॉल्टर मास्तरांचा हात

"तिथी खंयची म्हणून विचारता ह्यो?" नानांनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"होय. आज पंचमी. पाच दाबा नानानू, आणि मदला बटण," वॉल्टर मास्तर म्हणाले.

नानांनी दाबलं. पडद्यावर ३.४५ उमटलं.

"पावणेचार. ता माका म्हायत आसा," नाना म्हणाले आणि जाळ्याचा फाटका भाग पुन्हा मांडीवर ओढला. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर ते कुणाला माहीत नसतं? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. नानांनी तो हिशेब जन्मभर बोटांच्या पेरांवर केला होता. "तिथी मियाच सांगूची आणि ह्येणां माकाच येळ सांगूची. मगे ह्येचो उपयोग काय रे, वॉल्टर?"

वॉल्टर मास्तरांनी ते ऐकलंच नाही. "बरोबर इला," ते स्वतःशीच म्हणाले. पाच महिने घासून केलेला प्रोग्राम खऱ्या मोबाइलवर चालला होता. सेहेचाळीस वर्षांचा माणूस वाळूत उभा राहून पोरासारखा हसत होता.

मास्तरांचं आयुष्य म्हणजे वरातीमागून घोडं. मालवणच्या बाजारात सव्वीस वर्षं त्यांची टायपिंगची संस्था होती, आणि अर्ध्या तालुक्यातले कारकून त्यांच्या हाताखालून गेले होते. संगणक आले तेव्हा मास्तर म्हणाले, "खेळणा ता. दोन वर्सांत कंटाळतले लोक." लोक कंटाळले, पण टाइपरायटरला. आता २००८ साली संस्थेत दोन मुली उरल्या होत्या, त्याही मे महिन्यापुरत्या. जूनअखेर गाळा रिकामा करायचा होता. त्यानंतर एकच जागा शिल्लक होती: तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करणं. मास्तरांना त्या जागेची लाज वाटे. खरं सांगायचं तर भीतीच वाटे.

जानेवारीतच गोव्याच्या पेपरात जाहिरात आली होती. पणजीच्या एका कंपनीला मोबाइलचे प्रोग्राम करणारी माणसं शिकाऊ म्हणून हवी होती. वयाची अट नव्हती, परीक्षा जूनमध्ये होती. मास्तरांनी तो चौकोन कापून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

"आता ह्या वयात?" त्यांच्या बायकोनं, बर्नादेतनं विचारलं.

"कॉम्प्युटर इलो तेव्हा उशीर केलंय. मोबाइल आता येता आसा. ह्या टायमाक मी आदी उभो रवतलंय."

नवऱ्याच्या डोळ्यांत असं काही बघून बर्नादेतला बरीच वर्षं झाली होती.

क्लाइव्हच्या इंटरनेट कॅफेत मास्तरांनी धडे छापून घेतले. मोबाइलच्या पडद्यावर नुसता एक शब्द आणायला तीन आठवडे लागले. मराठी अक्षरं संगणकावर सुरेख दिसत, मोबाइलवर गेली की त्यांचे रिकामे चौकोन होत. तेव्हा मास्तरांनी शब्द सोडले आणि आकडे धरले. भरतीची वेळ आकड्यांत सांगता येते. त्यात त्यांचा हात जड. टाइपरायटरवर घडलेली बोटं किबोर्डवर घणासारखी पडत. "मास्तरानू, फुटात तो," क्लाइव्ह ओरडे. म्हणून कॅफेत मास्तर एका बोटानं, कळ शोधून शोधून टाइप करत. ज्यानं कारकुनांच्या दोन पिढ्यांना दहा बोटं शिकवली, तो एका बोटावर आला होता. पण कुरकूर नव्हती.

पणजीत परीक्षेला बारा जण होते आणि अकरा जण मास्तरांच्या मुलाच्या वयाचे. एक तास दिलेला. मोबाइलवर चालेल असा कुठलाही छोटा प्रोग्राम लिहायचा आणि चालवून दाखवायचा. मास्तरांना भरतीचा प्रोग्राम ओळ न् ओळ पाठ होता. शेजारचा मुलगा किबोर्ड बडवायला लागला तसं त्यांना वाटलं, इथे कोण ओरडणार आहे? त्यांनी दहाही बोटं टेकवली आणि मोकळी सोडली. खोलीतली पोरं माना वळवून बघू लागली. वीस मिनिटांत मास्तरांचं लिहून संपलं.

प्रोग्राम चालेना. चौदा चुका, आणि प्रत्येक ओळ डोळ्यांना बरोबर दिसत होती. मास्तरांनी ती तीनदा वाचली, मग सहादा. घामानं शर्ट पाठीला चिकटला. उरलेली चाळीस मिनिटं गेली.

"टायम जालो, अंकल," परीक्षा घेणारी शॅनन नावाची मुलगी मागे येऊन उभी राहिली. तिनं वाकून लगेच पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "हो आंकडो न्हय. हें अक्षर."

मास्तरांच्या जुन्या टाइपरायटरांवर एकाच्या आकड्याला कळच नव्हती. एक हवा असला की इंग्रजी लहान एल मारायचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसत. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि हेच शिकवलं. आज घाईत बोटांनी जुनी वाट धरली होती. पंधरा, बारा, अकरा, जिथे जिथे एक होता तिथे तिथे एल.

"बदलू?" मास्तरांनी विचारलं.

शॅननच्या हातातल्या यादीत त्यांच्या नावापुढे नापासाची खूण झालेली होती. तरी ती म्हणाली, "बदला."

त्यांनी एकेक आकडा दुरुस्त केला. प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला. मास्तरांनी उठून खुर्ची टेबलाखाली सारली.

"तुमचो हात खूब फास्ट, अंकल," शॅनन म्हणाली. ती मनापासून म्हणत होती.

घरी बर्नादेतनं पेज वाढली आणि विचारलं, "काय म्हणाले?"

"हात बरो आसा म्हणाले."

बर्नादेतनं लोणच्याची बरणी पुढे केली. त्यापुढचं तिला कळलं होतं.

जुलैच्या पहिल्या सोमवारी मास्तर तहसील कचेरीबाहेरच्या पत्र्याखाली बसले. पहिलं गिऱ्हाईक तोंडवलीची तुळसा. नवरा समुद्रात होडीवरून पडून गेलेला, त्याच्या नावचं घर तिच्या नावावर करायचं होतं. मास्तरांनी कार्बन लावून कागद चढवला आणि बोटं सुरू केली. तुळसा त्या बोटांकडे बघत राहिली.

"सावकाश करा, मास्तरानू," ती म्हणाली. "माका आता कसली घाई नाय."

मास्तरांनाही नव्हती.