भाषणांच्या पुठ्ठ्यातला माणूस

पुस्तक माणसाला मुक्त करतं. आमच्या बाइंडरला मात्र एका पुस्तकाने सकाळपासून स्टुलावर खिळवून ठेवलं होतं. जुलमी राजवटीतून पळालेल्या कुणाच्या तरी त्या आठवणी होत्या, आणि त्यांच्यावर बंदी होती. म्हणून बाइंडरने त्यांना महानेत्यांच्या भाषणांचा पुठ्ठा चढवला होता. तपासनीस दारात येऊन उभा राहिला, तेही त्याला कळलं नाही.

"बारा वर्षं घरोघर ही भाषणं तपासतोय," तपासनीस म्हणाला. "तिसऱ्या पानापुढे गेलेला माणूस पाहिला नाही. तुम्ही निम्म्यावर, आणि वर डोळ्यांत पाणी?"

"भाषणच तसं आहे, साहेब."

साहेबांनी पुस्तक हिसकावलं. एक पान वाचलं. मग दुसरं. बाइंडरची बायको शेजारी पानं शिवत होती, तिची सुई थांबली. साहेबांनी दाराला आतून कडी घातली.

"हा नदी ओलांडतो का हो?"

"तिथवर पोचलो नव्हतो, साहेब."

"ओलांडतो की," बायको बोलून गेली. "एक बूट तेवढा अलीकडे राहतो."

दोघेही तिच्याकडे बघतच राहिले. साहेबांनी पुस्तक कोटात सरकवलं.

"वहिनी," ते काकुळतीने म्हणाले, "पुढचं सांगू नका हं."