तीनाचे दहा

बायको खुर्चीवरून उठायला लागली की तो हातातलं काम टाकून धावायचा. तिचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट बसायचा, डावा पाय जमिनीवर थरथरायचा, आणि तो समोर दोन्ही हात पसरून असा उभा राहायचा, जणू वरच्या मजल्यावरून कुणी खाली उडी टाकणार आहे.

तो मुद्रितशोधक होता. छापखान्यातून येणारी पानं घरी बसून तपासायची, चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ पकडायचा, सुटलेला अनुस्वार लावायचा, हे त्याचं चाळीस वर्षांचं काम. चूक शोधायची सवय डोळ्यांतून मनात कधी उतरली ते त्यालाही कळलं नव्हतं. गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, लिफ्टची दोरी झिजली नसेल ना. बायको त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षापासून ‘काळजीवाहू सरकार’ म्हणायची. “निर्णय काही घ्यायचा नाही, नुसती काळजी वाहायची,” असं ती चारचौघांत सांगायची आणि स्वतःच खदखदून हसायची.

ती शिवणवर्ग चालवायची. घरापासून दोनशे पावलांवर एक भाड्याची खोली, सहा मशीन आणि तिचा खणखणीत आवाज. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी ती मुलींना बाही कशी जोडायची ते दाखवत होती. बोलता बोलता डाव्या हातातलं कापड गळून पडलं आणि पाठोपाठ तीही. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. मुलींनी वेळ न दवडता तिला दवाखान्यात पोचवलं म्हणून जीव वाचला, वाचाही शाबूत राहिली. पण डाव्या हातातला जोर गेला आणि डावा पाय रुसला तो रुसलाच. काठी आणि त्याचा दंड, दोन्ही धरल्याशिवाय तिला न्हाणीघरापर्यंतही जाता येईना.

पायाचं तरी समजण्यासारखं होतं. त्याला खरी धास्ती होती ती तिच्या गप्प राहण्याची. जी बाई भाजीवाल्याशी पाऊण तास हुज्जत घालायची, ती आता दिवसभर खिडकीशी बसून राहायची. टीव्ही चालू, नजर भलतीकडेच. चहा दिला तर घेतला, नाही दिला तर मागितला नाही. एकदा तो तिचे केस विंचरत होता, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “कापड बेतून झालं की चिंधी उरते ना खाली, तशी मी उरलेय.”

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “मार मेंदूलाच बसलाय. त्यामुळे मनही खचतं. यात त्यांचा दोष नाही. गोळ्या देते आहे, पण त्यांच्या जोडीला ताकदीचा व्यायाम हवा. चालणं त्यानं सुधारतं आणि बहुतेकांचं मनही वर येतं.”

व्यायाम शिकवणारी मुलगी काडीसारखी बारीक होती. पहिल्या दिवशी तिनं पायाला बांधायचे वाळूचे पट्टे दिले, प्रत्येकी एक किलोचे, आणि कागदावर सगळं लिहून दिलं. खुर्चीवरून उठायचं-बसायचं, दहा वेळा, अशा तीन फेऱ्या. पट्टा बांधून बसल्या जागी पाय सरळ करायचा, दहा वेळा, तीन फेऱ्या. आधी रक्तदाब मोजायचा, श्वास कोंडायचा नाही, मोठ्यानं आकडे म्हणायचे. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं.

“आणि काका, थकवा येऊ द्या,” ती म्हणाली. “स्नायूला ओझं मिळालं तरच तो जोर धरतो. रोज वहीत लिहा. तीन आठवड्यांनी भेटू.”

बायको त्या वेळी खिडकीबाहेर बघत होती. ऐकलं असेल, नसेल. कागद त्यानंच घेतला.

दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्यांदा उठली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला आणि कानशिलाजवळची शीर टरारून फुगली. आत कुठेतरी पुन्हा एक गुठळी सुटली तर?

“बस, बस! झालं आजचं,” तो म्हणाला.

“एवढंच?”

“एवढंच सांगितलंय.”

संध्याकाळी त्यानं वही उघडली. ‘तीन’ लिहिलं तर ती मुलगी रागावेल, जास्त करायला लावेल. त्यानं तिन्ही फेऱ्यांपुढे ‘दहा’ लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका खोडत आलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात, धडधडीत खोटं लिहिलं. तिसऱ्या दिवशी तो त्याहून पुढे गेला. ती झोपलेली असताना पट्ट्यांची शिवण उसवली, निम्मी वाळू कुंडीत ओतली आणि जमेल तसे टाके घालून पट्टे परत जागेवर ठेवले.

तीन आठवडे असेच गेले. रोज तीनदा उठणं, चारदा पाय हलवणं, वहीत दहा, दहा, दहा. रक्तदाब मात्र तो दिवसातून सात-आठ वेळा मोजायचा. ती मुकाट्यानं दंड पुढे करायची. तिची पावलं तेवढीच जड राहिली आणि बोलणं आणखी कमी झालं.

ठरलेल्या दिवशी दोघं व्यायामाच्या हॉलमध्ये गेली. मुलीनं वही चाळली, तिचा चेहरा उजळला. “वा! एक दिवस खाडा नाही. मग काकू, आज पायरी चढून बघायची.”

“नको, आज तिला बरं वाटत नाहीये,” तो घाईघाईनं म्हणाला.

“मला काही झालेलं नाही,” बायको म्हणाली.

मुलीनं तिच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, तो स्वतःच्या मुठीत धरला, पायात दीड किलोचं वजन अडकवलं आणि समोर एक बुटकी लाकडी पायरी ठेवली. बोलायची वेळ हीच होती. त्याच्या जिभेवर शब्द आलेही. पण त्यामागोमाग त्या मुलीचा विश्वासानं भरलेला चेहरा आला आणि शब्द परत फिरले.

बायकोनं डावा पाय पायरीवर ठेवला, अंग वर उचललं आणि गुडघा कागदाच्या घडीसारखा मिटला. मुलीनं पट्टा ओढून धरला म्हणून ती आपटली नाही, नुसती घसरत गादीवर बसली. गुडघा पायरीच्या कडेला घासून सोलवटला. लागलं फारसं नव्हतं. पण तिनं वर पाहिलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघवेना.

“तीन आठवडे करून हे,” ती म्हणाली. “म्हणजे मी आणखी खालीच चाललेय.”

मुलगी गंभीर झाली. तिनं पुन्हा पायाची ताकद तपासली, वही पाहिली, परत पाय पाहिला. दोहोंचा मेळ बसेना. बाजूला जाऊन तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. परत आली तेव्हा हातात एक अर्ज होता. “घाबरू नका काका. पण ताकद अशी अचानक कमी झाली असेल, तर मेंदूचा फोटो पुन्हा काढावा लागेल. बाई खाली येताहेत.”

फोटोच्या खोलीबाहेर दोघं थांबली. आत यंत्राची घरघर चालू होती. बायको चाकाच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेली. तिचा उजवा हात डाव्या हाताला कुरवाळत होता, परक्याच्या मुलाला उगी करावं तसा. “या वेळी काही निघालं तर मला इथे ठेवू नका हं,” ती हळूच म्हणाली. “घरी न्या. आणि मशीन त्या मुलींना वाटून टाका.”

त्याच्या हातात तो अर्ज होता. सवयीनं तो वाचू लागला. ‘पूर्वीची नोंद : उठ-बस रोज दहा, तीन फेऱ्या. एक किलो वजनासह. आता एकही पायरी चढता येत नाही.’ त्यानं पुन्हा वाचलं. अख्ख्या दवाखान्यात या कागदावरची चूक दिसणारा तो एकटाच होता, आणि ती त्यानंच करून ठेवली होती.

“ते खोटं आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“दहा नव्हतंच. तू रोज तीनच करत होतीस. सांगितल्या होत्या दहाच्या तीन फेऱ्या, म्हणजे तीस. मी तुला थांबवत होतो आणि वहीत दहा लिहीत होतो. पट्ट्यातली वाळूपण मीच काढून कुंडीत ओतली.” त्यानं अर्ज तिच्या मांडीवर ठेवला. “तू खाली नाही चाललीस. तुला वर जाऊच दिलं नाही मी.”

तिनं मान वर केली. व्यायामवाली मुलगी दोन पावलांवर उभी होती, तिनंही ऐकलं.

“ते टाके तुमचे?” बायकोनं विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली.

“मला वाटलं, कुठल्या आंधळ्यानं शिवलेत.” मग तिचा आवाज चढला, पाच महिन्यांत चढला नव्हता इतका. “मी रोज मनाशी म्हणत होते, एवढं सोप्पं काम, तेही आपल्याला जड जातंय! मेलेलं बरं असं वाटत होतं मला, कळतंय का? आणि तुम्ही कुंडीत वाळू ओतत होतात?”

“मला भीती वाटली. तुझी ती शीर...”

“माझी शीर माझ्यापाशी राहू द्या!”

पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. मुलीनं त्यांच्या कानावर सगळं घातलं. त्यांनी बायकोचे डोळे, चेहरा, बोलणं, हातपाय नीट तपासले आणि अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. “नवीन काही नाही. फोटोची गरज नाही.” मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “आजचा प्रसंग थोडक्यात निभावला. वजन वहीवर विश्वास ठेवूनच वाढवतात, साहेब. वाईट पडल्या असत्या.”

घरी आल्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण हे गप्प बसणं वेगळं होतं. यात भांडी आपटत होती. तिसऱ्या दिवशी तिनं कागद मागून घेतला, पट्टे पुन्हा भरायला लावले, टाके स्वतः एका हातानं घातले. त्याला खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसवलं. “मी हाक मारेपर्यंत उठायचं नाही.”

तो तळहात मांडीखाली दाबून बसला. ती मोठ्यानं आकडे म्हणत होती. चार. तिचा चेहरा लाल झाला. पाच. शीर फुगली. सहाला पाय इतका थरथरला की तो अर्धवट उठलाच. “बसा!” ती ओरडली. तो बसला. सातला ती थांबली, धापा टाकत. वहीत तिनंच लिहिलं : सात.

सगळं झरझर सुधारलं असं नाही. काही दिवस ती उठायलाच नकार द्यायची, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एकदा बारावर पोचलेली पुढच्या आठवड्यात पाचवर आली आणि रडली. पण दहाव्या आठवड्यात पायरी चढून झाली, दीड किलोसकट. त्या काडीसारख्या मुलीला ती आता ‘पैलवानीण’ म्हणायला लागली होती. आणि एका सकाळी त्यानं आणलेले दोडके हातात घेऊन म्हणाली, “हे कुणी तुमच्या गळ्यात मारले? मला घेऊन जात जा यापुढे.” तो तोंड धुण्याच्या निमित्तानं आत गेला.

चौथ्या महिन्यात तिनं जाहीर केलं की मुलींनी आजवर चालू ठेवलेल्या वर्गात सोमवारी जायचं. काठी घेऊन, एकटीनं.

“मी मागून येतो. दिसणारही नाही.”

“फाटकापर्यंत. त्यापुढे नाही.”

तो फाटकाशी उभा राहिला. ती निघाली. डावा पाय अजून किंचित ओढत होता, पण पडत होता जागेवर. वाटेत एक सायकलवाला अगदी जवळून गेला, तसं फाटकाशी उभ्या त्यानं एक पाऊल पुढे टाकलं आणि परत मागे घेतलं. तिनं थांबून सायकलवाल्याला काहीतरी सुनावलं, पुढे चालू लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

घरी येऊन त्यानं छपाईची पानं पुढे ओढली. पहिली ओळ वाचली. परत वाचली. चौथ्यांदा वाचत होता तेव्हा फोन वाजला.

“पोचले,” ती म्हणाली. मागे मुलींचा कालवा आणि मशीनची खडखड ऐकू येत होती. “आता सारखा सारखा फोन करू नका. मला कामं आहेत.”